रात्री दहाच्या अलीकडे आणि पलीकडे

नवी दिनदर्शिका घरात आली की आधी चतुर्थ्या बघितल्या जातात, मग दिवाळी कधी आहे ते, मग लागून सुट्ट्या कुठे येतायत ते. पण एक जमात अशी आहे की ती थेट शेवटचं पान उलटते. डिसेंबर. तिच्या कामाचं तिथे काहीही छापलेलं नसतं. ती पेनाने ओळीने पाच चौकोनांवरून आडवी रेघ मारते आणि वर लिहिते : सवाई. तारखा अजून जाहीर झालेल्या नसतात, तरी अंदाजाने रेघ मारायची आणि चुकली तर पुढच्या आठवड्यात सरकवायची. वर्षभर आधी रजेचा अर्ज स्वीकारत नाहीत म्हणून, नाहीतर तोही त्याच दिवशी गेला असता.

या विशेष अंकाची पुढची पानं अशा रेघा मारणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या नादाला लागू पाहणाऱ्यांसाठी आहेत. येत्या वर्षात महाराष्ट्रात, गोव्यात आणि थोडं त्यापलीकडे काय काय बघता-ऐकता येईल, याची ती यादी आहे. अशा याद्यांमध्ये नेहमी तीन गोष्टी असतात : तारीख, ठिकाण आणि कलाकारांची नावं. चौथी गोष्ट सहसा बारीक अक्षरात तळाशी जाते, ती म्हणजे वेळ. उत्सव कितीला सुरू होतो आणि मुख्य म्हणजे कितीला संपतो. खरं तर उत्सवाचा स्वभाव तिथेच कळतो, म्हणून ही प्रस्तावना तारखा सोडून घड्याळाबद्दल बोलणार आहे.

आधी ऋतूचं. आपल्याकडचे बहुतेक मोठे कलामहोत्सव कार्तिक ते फाल्गुन या चार-पाच महिन्यांत दाटीवाटीने बसलेले असतात. कारणं साधी आहेत. पाऊस थांबलेला असतो, मैदान वाळलेलं असतं, भात कापून झालेलं असतं, आणि परीक्षांना अजून अवकाश असतो. मार्च उजाडला की घरात दहावी-बारावीचा कर्फ्यू लागतो आणि रसिक आईबाप निमूट घरी बसतात. सवाई गंधर्व महोत्सवाचीही सुरुवातीची कथा पावसाशी बांधलेली आहे. 12 सप्टेंबर 1952 रोजी सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, पुण्यात वारले. पुढच्या वर्षीपासून भीमसेन जोशींनी गुरूंच्या पुण्यतिथीला संगीताचा कार्यक्रम करायला सुरुवात केली. पण सप्टेंबर म्हणजे पुण्यात उघड्यावर बसायची सोय नाही. कार्यक्रम वाढला, श्रोते वाढले, तसा तो डिसेंबरात गेला. पुण्यतिथी सप्टेंबरात राहिली आणि पुण्यस्मरण थंडीत आलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

रमणबागेच्या शाळेचं मैदान, त्यावर मांडव, भारतीय बैठक, आणि तीन रात्री. आजच्या पन्नाशीपुढच्या कुठल्याही पुणेकराला 'सवाई' म्हटलं की पहिल्यांदा हे आठवतं, गवयांची नावं नंतर. रात्री कार्यक्रम सुरू व्हायचा आणि उजाडल्यावर संपायचा. लोक सतरंजी, शाल, कानटोपी, थर्मास आणि डब्यात थालीपीठ घेऊन यायचे, एखाद्या लांबच्या गाडीला निघाल्यासारखे. दोनच्या सुमाराला काही आडवे व्हायचे आणि शेजाऱ्याला सांगून ठेवायचे, अमुक बुवा बसले की उठवा. शेजारी अनोळखी असायचा, तरी उठवायचा. पहाटे भीमसेन गायला बसायचे तेव्हा मांडवातले निम्मे लोक झोपेतून आणि निम्मे जागरणातून त्यांच्यापर्यंत पोहोचलेले असत.

मग घड्याळ बदललं. ध्वनिप्रदूषणाचे केंद्रीय नियम 2000 साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावायचा नाही, असा त्यांचा सरळ अर्थ. राज्य सरकारला वर्षातून फार तर पंधरा दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. हे पंधरा दिवस गणपती, नवरात्र, दिवाळी, 31 डिसेंबर अशा सगळ्यांनी वाटून घ्यायचे. त्यातून शास्त्रीय संगीताच्या वाट्याला एखादा शनिवार आला तरी पुष्कळ. नियम चुकीचा आहे असं कुणी म्हणणार नाही. ज्यांच्या खिडकीखाली नवरात्रात स्पीकरांची भिंत उभी राहते त्यांना तर तो देवासारखा वाटतो. पण त्याने रात्रीच्या मैफिलीचा मांडव उतरवला, हेही तितकंच खरं.

हिंदुस्थानी संगीतात ही निव्वळ सोयीची बाब नाही. रागांना वेळ असते. दरबारी, मालकंस रात्र चढल्यावरचे. ललित, भटियार पहाटेचे. भैरव, तोडी सकाळचे. दहाला मांडव बंद म्हटल्यावर मध्यरात्रीनंतरचे राग मैदानाबाहेर पडले. महोत्सवाने त्यावर उत्तर शोधलं ते असं : दिवस वाढवायचे, दुपारी सुरू करायचं, एखादं सत्र सकाळी ठेवायचं. तीन रात्रींच्या ठिकाणी चार आणि मग पाच दिवस झाले. याचा एक मजेशीर परिणाम झाला. दुपारचे राग, म्हणजे भीमपलास, मुलतानी, पटदीप, मधुवंती, यांना मोठ्या मंचावर मानाचं पान मिळालं. रात्रभरच्या मैफिलीत ते कोण गाणार? आज दुपारी साडेतीनला मुलतानीचा तिरपा कोमल रिषभ कानावर पडतो तेव्हा समोर खरोखरच कलतं ऊन असतं. मध्यरात्र गेली खरी, पण दुपार सापडली. जुने श्रोते हा हिशेब मान्य करत नाहीत, आणि त्यांनी करूही नये.

2011 च्या जानेवारीत भीमसेन गेले आणि महोत्सवाच्या नावात त्यांचं नाव आलं. 2018 मध्ये तो रमणबाग सोडून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात गेला. पेठेतून चालत जाणाऱ्यांना रिक्षा करावी लागली, बाहेरगावच्यांना उलट बरं झालं. करोनाच्या काळात खंड पडला, नंतर गर्दी पुन्हा तेवढीच. नव्याने जाणाऱ्यांसाठी एकच सूचना : हंगामी तिकीट काढा, पण सगळं ऐकायचा हट्ट धरू नका. मांडवाच्या मागच्या कडेला, खाण्याच्या स्टॉलपाशी उभं राहून ऐकलेला द्रुत ख्याल कधीकधी पुढच्या सोफ्यावरच्या विलंबितापेक्षा जास्त काळ लक्षात राहतो. आणि कलाकार येण्याआधी, पडदा बाजूला होऊन तानपुरे जुळत असतात ती पाच मिनिटं चुकवू नका. पंचम हळूहळू जागेवर येतो, कुणीतरी मंचावरून ध्वनिव्यवस्थेच्या माणसाला बोटाने 'वर, अजून वर' अशी खूण करतं, आणि दहा हजार माणसांची कुजबुज आपोआप खाली बसते.

डिसेंबरातच ग्वाल्हेरला तानसेन समारोह असतो. 2024 मध्ये त्याने शंभरी गाठली. तो तानसेनाच्या कबरीपाशी हरिकथा आणि मिलाद अशा दोन्हींनी सुरू होतो. मराठी माणसाने तिथे एकदा तरी जावं, याचं कारण पर्यटनाचं नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली नसती तर आपल्याकडच्या निम्म्या गुरुकुलांचा वंशवृक्ष दुसऱ्याच कुठल्या मुळाला लागला असता.

घड्याळाचा विषय निघालाच आहे तर गोव्याच्या केसरबाई केरकरांची गोष्ट सांगायला हवी. केरी गावात 1892 साली जन्मलेल्या या गायिकेची भैरवी, साडेतीन मिनिटांची, अमेरिकेच्या 'व्हॉयेजर' यानांबरोबरच्या सोनेरी तबकडीवर आहे. दोन्ही यानं 1977 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुटली, आणि दुसरं सुटल्यानंतर अकराव्या दिवशी, 16 सप्टेंबरला, केसरबाई वारल्या. सकाळचा म्हणून ओळखला जाणारा, मैफिलीच्या शेवटी गायचा राग आता जिथे ना सकाळ आहे ना मैफिलीचा शेवट अशा ठिकाणी चालला आहे. इकडे पृथ्वीवर पणजीत कला अकादमी त्यांच्या नावाने संगीत समारोह भरवते. चार्ल्स कोरियांनी मांडवीच्या काठावर बांधलेल्या त्या वास्तूत गाणं ऐकायचं म्हणजे मध्यंतरात नदीवरचा वारा फुकट.

शहरातल्या रात्री दहाला मिटल्या, तरी तळकोकणात रात्र अजून शाबूत आहे. कार्तिक सुरू झाला की सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा लागतात, आणि जत्रा म्हणजे दशावतार. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा, मग या वाडीची, मग त्या गावची. दशावतारी कंपनी महिनोन्महिने रोज वेगळ्या देवळासमोर उभी असते. शहरी माणूस इथे पहिल्यांदा जातो तेव्हा साडेनऊला जेवून तयार बसतो आणि सारखं विचारतो, 'सुरू कधी होणार?' उत्तर एकच मिळतं : 'होतला.' आधी देवाची पालखी प्रदक्षिणा घालते, मग गाऱ्हाणं, मग खाजा-लाडवाच्या दुकानांवर गर्दी, आणि मध्यरात्रीच्या आसपास कधीतरी पखवाजावर थाप पडते.

नाटक सुरू होण्याआधीचा तास मात्र बघण्यासारखा. देवळाच्या पडवीत किंवा ताडपत्रीच्या आडोशाला नट आपापली ट्रंक उघडून ओळीने बसतात. ट्रंकेच्या झाकणाला आतून आरसा लावलेला असतो. ज्याची त्याची रंगपेटी ज्याच्या त्याच्या पुढ्यात, रंगभूषाकार नावाचा वेगळा माणूस नसतो. दिवसा कदाचित शेतात किंवा गॅरेजमध्ये असणारा एखादा स्त्रीपार्टी डोक्यावर गंगावन बसवून, नऊवारीच्या निऱ्या दातात धरून, बाजूच्या राजपार्टीशी आज रात्रीच्या आख्यानाची बोलणी करत असतो. लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते, कोणी कुठे प्रवेश करायचा ते ठरतं, आणि संवाद रंगमंचावर जागच्या जागी होतात. पौराणिक राजाच्या तोंडी संस्कृतप्रचुर मराठी वाहायला लागते, पद संपलं की तो समोर ठेवलेल्या बाकड्यावर बसतो. तेच सिंहासन, तोच महाल, वेळ पडली तर तोच पर्वत. त्या एका बाकड्यावर सगळं नेपथ्य भागतं, हे बघून महागड्या सेटच्या नाटकांना पैसे मोजणारा प्रेक्षक थोडा विचारात पडतो.

आधी आडदशावतार होतो : गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, मोरावर सरस्वती येते, आणि काळ्या कपड्यातला संकासूर येतो. तो मालवणीत बोलतो, भटजीची टिंगल करतो, पुढे बसलेल्या पोरांना घाबरवतो आणि मोठ्यांना हसवतो. पोरं त्याला घाबरून आईच्या पदरात शिरतात आणि पाच मिनिटांनी पुन्हा पुढे येऊन बसतात. मुख्य आख्यान रंगतं ते दोन-अडीचनंतर. उजाडताना दहीकाला होतो, हंडी फुटते, आणि गणपतीचे मुखवटे परत पेटाऱ्यात जातात. एके काळी हा पेटारा डोक्यावर घेऊन कंपनी पायी पुढच्या गावी जायची; आता टेम्पो असतो. 2025 मध्ये आलेल्या 'दशावतार' या चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी म्हातारा दशावतारी उभा केला आणि ज्यांनी कधी जत्रा पाहिली नव्हती अशा पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांना या रात्रीची चाहूल लागली. त्यांनी आता एकदा प्रत्यक्ष जावं. थंडीसाठी चादर न्यावी आणि परतीचं तिकीट दुपारचं काढावं. कुडाळजवळच्या पिंगुळीत थांबलं तर ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्याही बघता येतील. ही परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली.

गोव्यात नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे पणजीत पाय ठेवायला जागा नसते. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 1952 साली मुंबईत सुरू झाला, बरीच वर्षं शहरं बदलत फिरला आणि 2004 पासून गोव्यात स्थिरावला. जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातल्या चित्रपटगृहाबाहेर सकाळी नऊच्या खेळासाठी लागणारी रांग, गळ्यात बिल्ले, हातात कार्यक्रमपत्रिका आणि तिच्यावर पेनाने केलेल्या खुणा, हे दृश्य एकदा बघितलं की चित्रपटवेडाला वय नसतं ते पटतं. त्यानंतर काही दिवसांनी त्याच परिसरात 'सेरेंडिपिटी' कला महोत्सव उभा राहतो. 2016 पासूनचा, चित्रकला-शिल्पकलेपासून स्वयंपाकापर्यंत सगळं एकत्र घेणारा. मात्र गोव्याचं खरं वैशिष्ट्य वेगळंच. बाकी सगळीकडे पाऊस म्हटला की मांडव गुंडाळतात. इथे पावसाचेच उत्सव आहेत. 24 जूनला सांजांव, डोक्यावर फुलापानांचा मुकुट घालून विहिरीत उड्या. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढे चिखलकालो, म्हणजे अंगाला तेल लावून भर चिखलात पुरुषांचे खेळ. महोत्सवांच्या यादीत हे क्वचितच येतात, कारण त्यांना ना तिकीट ना प्रायोजक. या अंकात ते आहेत.

मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव घड्याळाच्या दुसऱ्या टोकाला. तो दिवसाउजेडीचा, रस्त्यावरचा आणि फुकट. 1999 पासून, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत नऊ दिवस. जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोरचा रस्ता बंद होतो आणि त्यावर मांडणशिल्पं उभी राहतात. ज्या घोड्यावरून या भागाला नाव पडलं तो तिथे नाहीच, हा विनोद नव्या पाहुण्याला आवर्जून सांगतात. आल्बर्ट ससूनने 1879 साली भेट दिलेला, पुढे सातवा एडवर्ड झालेल्या युवराजाचा तो अश्वारूढ पुतळा 1965 मध्ये हलवला गेला आणि आता भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. 2017 मध्ये काळ्या घोड्याच्या परिसरात नवा घोडा बसवला, पण पाठीवर स्वार नाही. मुंबईने राजाला उतरवून घोडा ठेवून घेतला, असं म्हणायला हरकत नाही. महोत्सवाच्या रविवारी मात्र कलेपेक्षा कलेबरोबर सेल्फी काढणारे जास्त असतात. शक्य असेल त्याने मंगळवारी दुपारी जावं. डेव्हिड ससून वाचनालयामागच्या बागेत साहित्याचे कार्यक्रम असतात, तिथे गर्दीतही एक प्रकारची शांतता सापडते.

पावसाळ्यात पुण्यात वेगळाच आवाज असतो. महाराष्ट्रीय कलोपासक 1963 पासून भरवत असलेला पुरुषोत्तम करंडक, महाविद्यालयीन एकांकिकांचा. नाटक भरत नाट्य मंदिरात आत, आणि बाहेर रस्त्यावर घोषणा. 'अरे, आव्वाज कुणाचा' ही गर्जना ज्याने ओल्या कपड्यांनी त्या फाटकाशी उभं राहून ऐकली नाही, त्याला मराठी नाटकाचं तारुण्य कुठे राहतं ते सांगून कळणार नाही. भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर. इथेही दशावतारासारखंच, बाकड्यावर भागवायचं.

आणि येऊ घातलेला सर्वांत मोठा आकडा साहित्याचा. 2026 च्या जानेवारीत साताऱ्याला विश्वास पाटील यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं 99 वं अधिवेशन झालं. त्याच्या आदल्या वर्षी ते दिल्लीत होतं, अध्यक्ष तारा भवाळकर. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतरचं पहिलं. पुढचं शंभरावं. 1878 साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात मूठभर ग्रंथकारांना जमवलं, तिथपासूनचा हा प्रवास मांडताना सत्कारांबरोबर नकारही मांडायला हवेत. 1885 च्या दुसऱ्या संमेलनाचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं होतं, आणि त्या पत्राचा धागा 1999 मध्ये धारावीत सुरू झालेल्या विद्रोही साहित्य संमेलनापर्यंत पोहोचतो. शंभराव्या मांडवात फुल्यांचं ते पत्र मोठ्या अक्षरात लावलेलं दिसलं तर संमेलन वयात आलं असं समजायचं. बाकी अध्यक्षीय भाषण कुणी ऐको न ऐको, पुस्तकांच्या गाळ्यांपाशी तीन दिवस खांद्याला खांदा लागतो. तिथे दुपारी दोन ते चार, जेवणं चालू असताना जावं.

पुढच्या पानांवरची यादी महिन्यांच्या क्रमाने लावली आहे. प्रत्येक नोंदीत तारखेशेजारी सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ दिली आहे. जिथे 'उजाडेपर्यंत' लिहिलंय तिथे ते शब्दशः घ्यावं. एका नोंदीपुढे मात्र जागा कोरी आहे. मालवण तालुक्यातल्या मसुरे गावच्या आंगणेवाडीत भराडीदेवीची जत्रा भरते, लाखो लोक येतात, मुंबईहून जादा गाड्या सोडाव्या लागतात. पण ती कुठल्याच तिथीला बांधलेली नाही. ग्रामस्थ देवीचा कौल घेतात आणि तारीख तेव्हा ठरते, त्यामुळे दिनदर्शिका छापणाऱ्यांचा तिथे इलाज चालत नाही आणि या अंकाचाही चालला नाही. दरवर्षी मुंबईतल्या चाकरमान्यांचे फोन त्या सुमाराला खणखणायला लागतात : 'तारीख गावली काय?' गावली की वाचकांनी ती आपल्या हाताने भरावी. पेन्सिल पुरे.